वाघिणीवरचे अकरा

दोन वर्षं मी एका माणसावर जळत होतो, आणि तेही हॉकीपायी. स्वतः मी हॉकी कधी खेळलो नाही. डाव्या गुडघ्यात लहानपणापासून खोट आहे, त्यामुळे धावणं माझ्या वाट्याला आलंच नाही. पण कर्जतच्या रेल्वे टीममध्ये कोण असावं आणि कोण नसावं हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही, अशी माझी खात्री होती. तो माणूस येईपर्यंत बाकीच्यांचीही होती.

विजेची इंजिनं घाटात येण्याआधीची ही हकिगत. तेव्हा पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबायची, तिच्या मागे ढकलायला इंजिन लागायचं आणि मगच ती घाट चढायची. ही ढकलणारी इंजिनं, त्यांची शेड, ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी, असं निम्मं गाव रेल्वेचं होतं. शेडचा फोरमन गोरा, पण जन्मला-वाढला इथेच. त्याला हॉकीचं भयंकर वेड. नदीकाठच्या मैदानावर त्याने टीम उभी केली होती, आणि चांगला खेळणारा दिसला की तो त्याला शेडमध्ये कायमचा चिकटवून घ्यायचा. कागदावर तो माणूस खलाशी, म्हणजे शेडमधला मजूर. खरं काम दिवाळीपासून होळीपर्यंत हॉकी खेळणं. कल्याण आणि लोणावळ्याच्या टीमाही अशाच पगारी माणसांच्या होत्या.

मी गुडशेडमध्ये, म्हणजे मालधक्क्यावर, मार्कर होतो. मालगाडीच्या डब्याला आम्ही वाघीण म्हणतो. कुठली वाघीण कुठे जायची, तिच्यात काय भरलंय, ते तिच्या अंगावर खडूने लिहायचं हे माझं काम. इंग्रजी मोठी अक्षरं मी छापल्यासारखी काढायचो. गुडशेडमागच्या शेवटच्या रुळावर एक मोडीत काढलेली वाघीण वर्षानुवर्षं उभी होती. तिच्या चाकांमधून एरंड उगवला होता. दसऱ्याला इंजिनांना झेंडूच्या माळा घालून पूजा झाली, की दुसऱ्या दिवशी मी त्या वाघिणीवर अकरा नावं लिहायचो. मग दिवाळीपर्यंत आम्हाला दुसरा विषय नसायचा.

रीत अशी होती, की ज्याला एखादं नाव पसंत नसेल त्याने वाघिणीसमोर उभं राहून कारण मोठ्याने सांगायचं. कोणी तोडीस तोड उत्तर दिलं नाही, तर ते नाव त्याने आपल्या बाहीने पुसायचं. फडकं चालत नसे, बाहीच हवी. सदरा मळवायची तयारी नसेल त्याने तोंड उघडू नये, असा त्यामागचा विचार. नवं नाव मात्र मीच लिहायचो, कारण खडू माझा आणि अक्षरही माझं. संध्याकाळच्या पॅसेंजरआधी तासभर गर्दी जमायची. बुकिंग क्लार्क, सांधेवाले, हमाल, पेठेतले दोघे-तिघे भातवाले, शाळेतले एक मास्तर. कोणी पेंढ्याच्या भाऱ्यांवर बसायचं, कोणी रुळावर. टिंगल, आरडाओरडा, रुसवेफुगवे, सगळं व्हायचं. एकदा दोन सख्खे भाऊ एका बॅकवरून आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

आणखी एक खूण होती. वाघीण जायबंदी झाली, की गाड्या तपासणारा माणूस तिच्यावर खडूने गोल काढून त्यात फुली मारायचा. ती खूण असली की तिला कोणी गाडीला जोडायचं नाही. आणि ज्याने फुली मारली त्यानेच ती पुसायची. स्टेशनमास्तरलाही तो अधिकार नसे. आम्ही तीच खूण नावांना लावायला लागलो होतो. कोणी लंगडत असेल, तापाने पडला असेल, तर नावापुढे गोल आणि फुली. ह्याला कारण सांगावं लागत नसे आणि दुसऱ्याने पुसायचीही सोय नव्हती. सुरुवात गमतीत झाली, पण रेल्वेच्या माणसाला खडूची सवय असते. खडूने लिहिलेलं आम्ही पाळायचो.

फोरमन रोजच्या फेरीत वाघिणीपाशी थांबायचा आणि मला विचारायचा, "मार्कर, वॅगन क्या बोलता है?" मी एकेक नाव घेऊन सांगायचो. तो पाइप ओढत ऐकायचा. दिवाळीआधीच्या शनिवारी शेडच्या फळ्यावर त्याची यादी लागायची, आणि तिच्यातली नऊ-दहा नावं तरी वाघिणीवरचीच असायची. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, की टीम मी निवडली. ती म्हणायची, "मग हरली की शिव्याही तुम्हीच खा."

अशात तिकीट कलेक्टर बदलून आला. पंचविशीतला, उंच, कोटाची सगळी बटणं कायम लावलेली. मुंबईला असताना त्याने मोठमोठ्या टीमांचे सामने पाहिले होते, पण ते तो होऊन कधी सांगत नसे. विचारलं तर दोन वाक्यांत सांगायचा आणि गप्प बसायचा. बढाया मारल्या असत्या तर मी त्याला एका दिवसात गुंडाळला असता. पहिल्या वर्षी आठवडाभर तो नुसता ऐकत राहिला. आठव्या दिवशी पुढे झाला आणि मला म्हणाला, "दादा, राग मानू नका. हा राइट हाफ चेंडू छान अडवतो, पण अडवल्यावर दर वेळी मागे वळतो. तेवढ्यात समोरचे गोळा होतात."

मी तो राइट हाफ चार वर्षं पाहत होतो. तो मागे वळतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ह्याने म्हटलं मात्र, आणि चार वर्षांचे सगळे सामने माझ्या डोळ्यांपुढे आले, आणि प्रत्येकात तो गडी वळतच होता. तिकीट कलेक्टरने काळ्या कोटाच्या बाहीने ते नाव पुसलं आणि नवं मला सांगितलं. मी लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं, की मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

नवा राइट हाफ पहिल्याच सामन्यात चमकला. झालं, तिथून लोक त्याला विचारायला लागले. हमालांचा मुकादम, जो हॉकीचं अवाक्षर मला विचारल्याशिवाय बोलत नसे, तो एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "तिकीटबाबूंना इचारू या, त्येंचं काय म्हननं हाय." मी तिथेच उभा होतो, हातात खडू घेऊन. मला वाटलं, आता ह्यांना माझा फक्त हात हवा आहे, डोकं नको.

त्याचा मला हेवा वाटायचा. दुसरा शब्द शोधत बसत नाही. तो वाईट असता तर मी त्याचा द्वेष केला असता आणि मोकळा झालो असतो. पण तो प्रत्येक वेळी आधी मला विचारायचा, "दादा, तुमचं काय मत?" आणि मनापासून विचारायचा. मी काहीतरी बोलायचो. मग तो असं काही सांगायचा, की माझंच बोलणं मला भातातल्या खड्यासारखं लागायचं. मी त्याच्या चुका शोधायला लागलो. तिकिटाला भोक वाकडं पाडतो. चहा बशीत न ओतता कपानेच पितो. हसताना मान खाली घालतो. जेवताना मी हे सगळं बायकोला सांगायचो. एके दिवशी भाकरी वाढताना ती म्हणाली, "सवत आणली असतीत तरी तिचं एवढं ऐकावं लागलं नसतं मला." मी ताटावरून उठलो. थोड्या वेळाने परत येऊन बसलो, कारण भूक होती.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात त्याने नवंच प्रकरण आणलं. घाटात पावसाळ्यापुरते पहारेकरी ठेवत. दरड कोसळली, रुळावर धोंडा आला, तर झेंडी दाखवून गाडी थांबवायची. ही माणसं डोंगरातल्या वाड्यांवरची ठाकर. ठाकूरवाडीच्या हद्दीत असाच एक पहारेकरी होता, तिशीच्या आतबाहेरचा. तिकीट कलेक्टरची ड्यूटी कर्जत-लोणावळ्याच्या गाड्यांवर असायची. त्याने दारात उभं राहून पाहिलं, की हा माणूस दोन रुळांच्या मधून चालताना हातातल्या वाकड्या काठीने एक गोल दगड पुढे नेतो आहे. स्लीपरवरून स्लीपरवर, डावीकडून, उजवीकडून, आणि दगड एकदाही रुळाला लागत नाही. तिकीट कलेक्टर पुढच्या फेरीला तिथे उतरला आणि त्याच्याशी बोलला. मग दर रविवारी त्याला मैदानावर आणायला लागला.

मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी तो डावीकडून खेळत होता. डावी बाजू सगळ्यात अवघड; काठी उलटी करून चेंडू आत घ्यावा लागतो. हा माणूस चेंडूकडे बघतच नव्हता. समोरच्या बॅकच्या गुडघ्याकडे बघत होता, आणि गुडघा ज्या बाजूला झुकेल त्याच्या विरुद्ध बाजूने निघून जात होता. पायांत काही नाही, धोतर खोचलेलं, तोंडातून एक शब्द नाही. मला त्याच क्षणी कळलं, की आमच्या मैदानावर असा लेफ्ट आउट आजवर झालेला नाही. हे मला कोणी सांगावं लागलं नाही. तिकीट कलेक्टर काही बोलण्याआधी माझं मला दिसलं होतं, अगदी स्वच्छ. पण त्याला शोधून काढणारा तो होता. मी ठाकूरवाडीवरून शंभरदा गेलो असेन, आणि माझी नजर कायम हातातल्या मालाच्या चलनांवर.

त्या वर्षी शेडमध्ये खलाशाची एकच जागा रिकामी होती आणि फोरमनने ती लेफ्ट आउटसाठी राखून ठेवली होती. दुसरा उमेदवार एका फिटरचा भाचा. तोही बरा खेळायचा. बराच, त्याहून जास्त नाही. पहारेकऱ्याचं काम दिवाळीला संपायचं. मग दर वर्षी बायको आणि दोन मुलींना घेऊन तो खालापूरकडे कोळशाच्या भट्ट्यांवर जायचा. आदल्या वर्षी भट्टीच्या धुराने धाकटीची छाती धरली होती, ती अजून सुटली नव्हती. हे मला तिकीट कलेक्टरने बाजूला घेऊन सांगितलं. "दादा, हे वाघिणीसमोर बोलायचं नाही. दया म्हणून जागा नको त्याला. तो खेळावर घेण्यासारखा आहे. पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं." मी मान हलवली. म्हणजे मला सगळं माहीत होतं. शेडची जागा मिळाली तर चाळीत खोली, वर्षभर काम आणि मुलगी धुरापासून लांब. नाही मिळाली तर भट्टी.

दसऱ्यानंतर मी वाघिणीवर अकरा नावं लिहिली, आणि लेफ्ट आउटला भाच्याचं नाव घातलं. चार दिवस वाद चालला. मी म्हणालो, घाटातला माणूस आहे, सपाटीवर दम टिकायचा नाही. लोक इतके हसले, की मलाही हसावं लागलं. मी म्हणालो, त्याला नियम कुठे माहीत आहेत. तिकीट कलेक्टर म्हणाला, "मी शिकवलेत, त्याला विचारा." रविवारी मास्तरांनी वर्गात उभं करावं तसं त्याला विचारलं, आणि त्याने एकेक नियम बिनचूक सांगितला. शेवटी मी म्हणालो, अनवाणी खेळतो, कल्याणची माणसं बूट घालून येतात. त्यावर मुकादम म्हणाला, "आपले निम्मे अनवानीच खेळत्यात, बाबू. तुमी बूट घेऊन देता का सगल्यांना?"

तिकीट कलेक्टरने भाच्याचं नाव बाहीने पुसलं आणि मी पहारेकऱ्याचं लिहिलं. गर्दीतून कोणीतरी तिकीट कलेक्टरच्या पाठीवर थाप मारली. मी खडू खिशात घातला आणि पॅसेंजरचं काम आहे म्हणून निघालो. काम नव्हतं.

यादी लागायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, पहारेकरी गुडशेडच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "मार्करबाबू, माजं नाव हाय का त्येच्यावर?"

मी त्याला वाघिणीपाशी नेऊन नाव दाखवलं. तो बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला. हात लावला नाही. खडू पुसला जाईल म्हणून हात मागे बांधून उभा होता. मग माझी नजर त्याच्या उजव्या पायाकडे गेली. पायाला चिंधी गुंडाळलेली होती. माझी नजर कुठे आहे ते त्याच्या लगेच लक्षात आलं. खाली बसून त्याने चिंधी सोडली.

"खडी लागली परवा. वरवर हाय. बगा."

अंगठ्याशेजारी बोटभर कापलेलं होतं आणि खपली धरली होती. सूज नव्हती. मी पायाकडेच बघत होतो, म्हणून तो उठला आणि रुळाच्या कडेने, खडीवरून, गुडशेडच्या टोकापर्यंत धावत गेला आणि तसाच धावत परत आला. लंगडणं नाही, पाय वाचवणं नाही. माझ्यासमोर येऊन थांबला. धापसुद्धा लागली नव्हती.

"दुकत नाय, बाबू."

"बरं," मी म्हणालो. त्याने चिंधी पुन्हा बांधली आणि तो चालत घाटाकडे गेला.

पाचच्या सुमाराला फोरमन फेरीवर आला. मी गुडशेडच्या खिडकीत होतो. वाघिणीसमोर तिकीट कलेक्टर उभा होता. फोरमनने नावं वाचली, लेफ्ट आउटच्या नावावर पाइपाची दांडी टेकवली आणि तिकीट कलेक्टरचा हात हातात घेऊन हलवला. मग दोघं हसत, बोलत प्लॅटफॉर्मकडे गेले. वॅगन काय बोलते ते त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही. फोरमन माझ्या खिडकीवरून गेला, मी उभा राहून सलाम केला, आणि त्याचं बोलण्याच्या नादात माझ्याकडे लक्षही गेलं नाही.

तिकीट कलेक्टर त्या संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी परतणार होता. गाडी गेली, गर्दी पांगली. अजून चांगला उजेड होता. मी वाघिणीपाशी गेलो आणि पहारेकऱ्याच्या नावापुढे गोल काढला आणि त्यात फुली मारली. गोल सुरेख आला.

रात्री घरी मी जेवताना गप्प होतो. बायको म्हणाली, "आज तो भेटला नाही वाटतं." मी म्हणालो, "तो पुण्याला गेलाय." एवढंच बोलणं झालं. सकाळी लवकर जाऊन फुली पुसून टाकावी असं मनात आलं होतं. मी मारलेली फुली पुसण्याचा अधिकार फक्त माझा होता आणि मला कोणी अडवणारं नव्हतं. सकाळी मी लवकर गेलोही. वाघिणीसमोर उभा राहिलो. बाही फुलीशी नेली. मग मला फोरमनने हलवलेला तो हात आठवला, आणि मी हात खाली घेतला.

दहा वाजता फोरमन आला. फुली बघून थांबला. त्याला ती खूण कशाची ते पुरतं ठाऊक होतं. जन्म वाघिणींमध्येच गेला होता त्याचा. "किसने लगाया?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मी. उजव्या पायाला खडीने कापलंय. चिंधी बांधून फिरतोय. काल मी स्वतः पाहिलं." ह्यातला प्रत्येक शब्द खरा होता. फोरमन माझ्याकडे बघत मान हलवत राहिला आणि म्हणाला, "गुड मॅन, मार्कर." दुपारी बाराला शेडच्या फळ्यावर यादी लागली. लेफ्ट आउटला फिटरचा भाचा होता.

तिकीट कलेक्टर परत आला तो थेट गुडशेडमध्ये. आता भांडण होणार म्हणून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो समोरच्या पेटीवर बसला. मग म्हणाला, "दादा, मी त्याचा खेळ बघत राहिलो, पाय बघितलाच नाही. तुम्ही नसतात तर जखमी माणूस कल्याणच्या समोर उभा केला असता मी."

संध्याकाळी वाघिणीसमोर सगळे जमले तेव्हा त्याने हेच सगळ्यांना सांगितलं. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "जुनं मानूस त्ये जुनं मानूस." मास्तरांनी मान डोलावली. वर्षभरात पहिल्यांदा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला फार बरं वाटलं. ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाताना पेठेतून बत्तासे घेऊन गेलो.

कल्याणविरुद्धचा सामना आमच्या टीमने जिंकला. भाचा बरा खेळला. पहारेकऱ्याची कोणाला आठवण झाली नाही, एका तिकीट कलेक्टरशिवाय. दिवाळीनंतर पावसाळी पहारेकऱ्यांना शेवटचा पगार घ्यायला कर्जतला बोलावलं, तेव्हा तो गुडशेडपाशी आला होता. बायको आणि दोन मुली थोड्या लांब, गाठोड्यांपाशी बसल्या होत्या. धाकटी खोकत होती. तो मला म्हणाला, "बाबू, मी धावलो व्हतो ना त्या दिशी?"

"फोरमनसाहेबांनी ठरवलं," मी म्हणालो.

तो थोडा वेळ उभा राहिला, आणखी काही येईल म्हणून. मग गेला. ती चौघं खालापूरच्या रस्त्याने चालत जाताना मला बराच वेळ दिसत होती, आणि मी चलनं लिहीत होतो.

पुढच्या श्रावणात तिकीट कलेक्टरची बदली पुण्याच्या पलीकडे झाली. मी प्लॅटफॉर्मवर पोचवायला गेलो. गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं. गाडीमागे इंजिन लागेपर्यंत वेळ असतो, त्या वेळात तो खिडकीतून वाकून माझ्याशी बोलत होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं, दादा. तो पहारेकरी मला म्हणाला होता, की तुमच्यासमोर तो धावून दाखवून गेला."

मी म्हणालो, "कधी म्हणाला?"

"हिवाळ्यात. मी भट्टीवर गेलो होतो त्याच्याकडे, तेव्हा. पाय दुखत नव्हता म्हणाला. मी त्याला समजावलं. म्हटलं, मार्करदादांनी तुला धावताना पाहिलं आणि तरी फुली मारली, म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं असणार. तुला कळत नसेल, मलाही कळलं नसतं. ते दहा वर्षं माणसं बघतायत." तो मान खाली घालून हसला. "पटलं त्याला. आता तोच सगळ्यांना सांगतो, की पायात माझ्या दोष व्हता म्हणून."

मागे इंजिन लागल्याचा धक्का डब्यांतून पुढे आला. एक वाक्य बोलायला वेळ पुष्कळ होता. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंही होतं, चार-पाच शब्दांचंच होतं. मी म्हणालो, "पोचलात की पत्र टाका."

"टाकतो," तो म्हणाला. "आणि आता ठाकूरवाडीला गाडी सावकाश जाईल तेव्हा त्याला हात करीन. आज पहाऱ्यावर असेल तो. धाकटी आता बरी आहे म्हणाला."

गाडी सुटली. शेवटचा डबा आणि त्याच्या मागचं इंजिन वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो. अर्ध्या तासाने घाटात तो दारात उभा राहील, रुळाकडेचा माणूस झेंडी वर करील, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसतील, हे मला अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं. त्या दोघांचाही मला हेवा वाटला. मग मी गुडशेडमध्ये गेलो, कारण चार वाघिणी लिहायच्या राहिल्या होत्या.